एक किलोचा लॅपटॉप घरातला एकमेव संगणक म्हणून पुरेल का?

प्रश्न : रावपुरा_भाषांतर

नमस्कार. गेली बावीस वर्षे मी बडोद्यात गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांमध्ये दस्तऐवजांच्या भाषांतराचे काम करते. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा आम्ही समा भागात तळमजल्यावर राहत होतो. धान्याचे डबे, पुस्तके आणि कपाटातले कागद माळ्यावर चढवण्याच्या धांदलीत टेबलाखालची संगणकाची पेटी तेवढी राहून गेली आणि पाणी ओसरल्यावर तिच्यातून नुसता गाळ निघाला. कामाच्या प्रती पेनड्राइव्हवर होत्या, म्हणून नुकसान यंत्रापुरतेच राहिले. तेव्हापासून मुलाच्या जुन्या, अडीच किलोच्या लॅपटॉपवर मी कसेबसे भागवते आहे.

आता आम्ही रावपुऱ्याजवळ दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. शिवाय आईच्या तब्येतीमुळे दर महिन्याला आठ-दहा दिवस मला पुण्याला जावे लागते आणि काम तिथेही थांबत नाही. पिशवीतले डबे, औषधे आणि कागद यांत अडीच किलोचे यंत्र आणि त्याचा विटेएवढा चार्जर घालून रेल्वेचा जिना चढणे आता माझ्या खांद्याला झेपत नाही. म्हणून एक किलोच्या आतबाहेर वजनाचा, तेरा इंची पडद्याचा लॅपटॉप घ्यावा आणि घरी व प्रवासात तोच एक संगणक वापरावा, असा विचार आहे. माझ्या भाच्याचे मत मात्र असे आहे की इतका लहान लॅपटॉप हा नेहमी घरातला दुसरा संगणक असतो, पहिला नव्हे.

कामाचे स्वरूप सांगते. डाव्या बाजूला जुन्या खरेदीखताचे किंवा मृत्युपत्राचे स्कॅन केलेले पान, उजव्या बाजूला माझे भाषांतर, आणि मध्येच शब्द अडला की उघडायचा तो बडोदे संस्थानाने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या बहुभाषी शासनशब्दकोशाचा स्कॅन, ज्यात इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत असे प्रतिशब्द दिलेले आहेत. टंकलेखन मी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकाच्या पद्धतीने करते. चित्रफिती संपादित करणे किंवा खेळ खेळणे यांतले काहीही मी करत नाही. वय छप्पन्न, चष्मा बायफोकल. घेतलेले यंत्र सहा-सात वर्षे टिकावे, अशी अपेक्षा आहे. जे प्रत्यक्ष अशा एका लहान यंत्रावर राहतात, त्यांनी अनुभव सांगावा, ही विनंती.

उत्तर : जुना_नेटबुकवाला

तुमच्या भाच्याचे मत पंधरा वर्षांपूर्वी अगदी बरोबर होते. २००७ साली असुसचा ईईई पीसी आला, त्याला सात इंचांचा पडदा होता आणि वजन एक किलोहून कमी होते. त्यापाठोपाठ जवळजवळ प्रत्येक कंपनीने नेटबुक, म्हणजे असेच लहान, स्वस्त लॅपटॉप काढले. मी घेतलेल्या दहा इंची नेटबुकमध्ये अ‍ॅटम प्रोसेसर आणि एक जीबी मेमरी होती आणि पडदा १०२४ गुणिले ६०० ठिपक्यांचा होता. त्या सहाशे ओळींत कित्येक खिडक्यांचे ‘ओके’ बटण पडद्याखाली लपत असे आणि मी टॅब व एंटर दाबून ते अंदाजाने गाठत असे. अशा यंत्राला मुख्य संगणक करण्याचा हट्ट मी आठ महिने धरला आणि मग मुकाट्याने डेस्कटॉपवर परतलो.

आजचे हलके लॅपटॉप त्या वंशातले नाहीत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. २००८ साली अ‍ॅपलने लिफाफ्यातून काढून दाखवलेला पहिला मॅकबुक एअर १.३६ किलोचा होता. २०११पासून इंटेलने ‘अल्ट्राबुक’ या नावाखाली तशाच पातळ यंत्रांचा आग्रह धरला आणि पुढे प्रोसेसर कमी विजेत अधिक काम करू लागले. सध्याच्या सव्वा किलोच्या साध्या लॅपटॉपला तुमचे काम म्हणजे हातचा मळ आहे. माझी पत्नी गेली पाच वर्षे तशा एकाच यंत्रावर आपले सगळे लेखन करते.

फक्त एका जाळ्यात सापडू नका. स्वस्त आणि हलके असे दोन्ही गुण एकत्र दिसले, की आत चार जीबी मेमरी आणि ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असण्याची शक्यता मोठी असते. ही साठवण चांगल्या लॅपटॉपमधल्या एसएसडी या वेगवान साठवणीपेक्षा बरीच संथ असते आणि विंडोजची एक मोठी सुधारणा आली की भरूनही जाते. त्या यंत्रांच्या बाबतीत तुमचा भाचा आजही बरोबर आहे.

उत्तर : मुद्रितशोधक

ताई, वजनाचा विचार थोडा बाजूला ठेवून हातात मोजपट्टी घ्या, कारण तुमच्या कामात खरी अडचण पडद्याच्या उंचीची आहे.

ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. १३.३ इंची, १६:९ प्रमाणाच्या (रुंदी सोळा तर उंची नऊ) लॅपटॉपचा पडदा सुमारे २९ सेंटिमीटर रुंद आणि साडेसोळा सेंटिमीटर उंच भरतो. म्हणजे कागदाच्या मूळ आकारात पाहिले, तर पानाचा जेमतेम अर्धा भाग एका वेळी दिसतो, आणि त्यातूनही वरची मेनूपट्टी व खालची टास्कपट्टी वजा करावी लागते. याउलट २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्यावर ए-फोर पान मूळ आकारात जवळजवळ नखशिखान्त बसते आणि शेजारी दुसरे पान ठेवूनही जागा उरते. भाषांतरकाराला याहून अधिक काही नको असते.

दुकानात विक्रेता तुम्हाला सांगेल, ‘मॅडम, दोन्हींचे रिझोल्यूशन एकच आहे, १९२० गुणिले १०८०.’ ते खरे आहे आणि निरुपयोगीही आहे. तेरा इंचांत तितके ठिपके कोंबल्यावर इंचाला सुमारे १६५ ठिपके होतात आणि अक्षर इतके बारीक दिसते की विंडोज आपण होऊन सगळे दीडपट मोठे करून दाखवते. दीडपट मोठे केल्यावर कामाला उरणारी जागा १२८० गुणिले ७२० एवढीच असते. २४ इंची मॉनिटरवर इंचाला साधारण ९२ ठिपके असल्यामुळे काहीही मोठे करावे लागत नाही आणि सगळी जागा तुमच्या वाट्याला येते. यासाठी लॅपटॉप घेताना १६:१० किंवा ३:२ प्रमाणाचा पडदा पाहावा. चौदा इंची, १९२० गुणिले १२०० ठिपक्यांच्या पडद्यावर तीन-चार ओळी अधिक दिसतात. ऐकताना हे किरकोळ वाटते, पण दिवसातून पाचशे वेळा पान वरखाली सरकवणाऱ्याला त्या ओळींचे मोल कळते.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की लॅपटॉप एकच असावा, पण घरच्या टेबलावर त्याच्यासाठी मॉनिटर असावा. शक्य झाल्यास उभा फिरवता येणारा मॉनिटर घ्या, कारण तुमच्याकडे येणारे जुने दस्त पुष्कळदा लीगल कागदावर असतात. त्या कागदाची उंची ३५.६ सेंटिमीटर असते आणि आडव्या २४ इंचीतही तो मावत नाही. मॉनिटर उभा केला की मूळ पान त्याच्यावर आणि भाषांतर लॅपटॉपच्या पडद्यावर, अशी सोपी वाटणी होते.

चष्म्याविषयी एक गोष्ट मी स्वतः मान आखडल्यावर शिकलो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, असे सगळीकडे सांगितले जाते. बायफोकल वापरणारा मात्र जवळचे भिंगाच्या खालच्या भागातून पाहतो, त्यामुळे तितक्या उंचीचा पडदा वाचण्यासाठी तो नकळत हनुवटी वर करत राहतो आणि संध्याकाळी मानेचे दुखणे घेऊन उठतो. आपल्यासारख्यांनी पडदा थोडा खाली घ्यावा आणि किंचित मागे कलता ठेवावा, किंवा पडद्याच्या अंतरासाठी वेगळा एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा. मी चष्मा केला.

उत्तर : रावपुरा_भाषांतर

मोजपट्टी खरोखरच घेतली. मुलाच्या जुन्या लॅपटॉपचा पडदाही केवळ एकोणीस सेंटिमीटर उंच निघाला, तेव्हा गेले वर्षभर मी वैतागत का होते, याचे कारण हाती लागले. मॉनिटरची कल्पना पटते, परंतु मग पुण्यात काय करायचे? आईच्या घरी दुसरा मॉनिटर ठेवण्याइतकी जागाही नाही.

उत्तर : हंसा_मेहता_वाचनालय

मी विद्यापीठात संशोधन करते आणि चार वर्षे १.१ किलोच्या एकाच लॅपटॉपवर, कोणत्याही मॉनिटरशिवाय, प्रबंधाचे काम करत आले आहे. घर, वाचनालय आणि अहमदाबादची गाडी या तिन्ही ठिकाणी तेच यंत्र असते. पुण्यातल्या दहा दिवसांसाठी तुम्हाला मॉनिटरची गरज नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. शेजारी दोन खिडक्या ठेवण्याचा अट्टहास सोडून मूळ पान विंडोजच्या एका आभासी डेस्कटॉपवर (एकाच पडद्यावर आळीपाळीने दिसणाऱ्या वेगळ्या कामाच्या जागेवर) आणि भाषांतर दुसऱ्यावर ठेवायचे आणि कंट्रोल, विंडोज व बाणाची कळ दाबून इकडून तिकडे जायचे, ही सवय आठवडाभरात लागते. परिच्छेद वाचून मनात धरायचा आणि मग लिहायचा, यामुळे माझे भाषांतर उलट अधिक वाहते झाले.

प्रामाणिकपणे हेही सांगते की तिसऱ्या वर्षी माझी मान आणि उजवा खांदा दुखू लागला आणि घडीचा स्टँड व वेगळा कीबोर्ड घ्यावा लागला. दोन्ही मिळून पिशवीत सहाशे ग्रॅमची भर पडली. म्हणजे एक किलोचा लॅपटॉप घेऊन मी पुन्हा पावणेदोन किलोच उचलते आहे! तरीही सगळे नेहमी उचलावे लागत नाही, एवढा फायदा आहेच.

उत्तर : दिवाळीपुरा_टंकलेखक

माझे पोट न्यायालयीन टंकलेखनावर चालते. वर पडद्याची चर्चा इतकी झाली, पण इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याने लहान लॅपटॉप घेताना आधी कळफलकाची उजवी बाजू पाहावी, हे कोणीच लिहिले नाही.

इंग्रजी टंकणाऱ्याची बोटे बहुतेक वेळ मधल्या अक्षरांवरच फिरतात. उजव्या टोकाचे चौकटी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह आणि उलटी तिरकी रेघ यांच्या कळा त्याला क्वचित लागतात. त्यामुळे यंत्र अरुंद करताना कंपन्या पहिली कुऱ्हाड याच कळांवर चालवतात. आपल्याकडे त्याच कळांवर काय बसले आहे, ते पाहा. अर्धविरामाच्या कळीवर च आणि छ आहेत. अवतरणचिन्हावर ट आणि ठ, तर डाव्या चौकटी कंसावर ड आणि ढ आहेत. उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर ॉ आणि शिफ्टसह ऑ आहे. म्हणजे ‘डॉक्टर’ हा एक शब्द लिहिताना उजव्या करंगळीला या टोकाच्या तीन कळा शोधाव्या लागतात. ‘घटस्फोट’, ‘चौकट’, ‘कोर्ट’, ‘ऑर्डर’ हे तर आमचे रोजचे शब्द आहेत. त्या कळा अर्ध्या रुंदीच्या असतील, किंवा उलट्या तिरक्या रेघेची कळ एंटरच्या वर न राहता डावीकडे शिफ्टच्या शेजारी जाऊन बसली असेल, तर वीस वर्षांचा हात एका दिवसात अडाणी होतो. गुजरातीतही इनस्क्रिप्टच्या जागा त्याच असल्यामुळे दोन्ही भाषांत त्रास तोच.

पूर्ण आकाराच्या कळफलकात एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. तेरा-चौदा इंची यंत्रांत मधल्या कळांना हे अंतर बहुधा मिळते, अकरा-बारा इंचींत मिळेलच असे नाही. दुकानात विक्रेत्याला मराठी इनस्क्रिप्ट चालू करायला लावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा जोडायला दोन मिनिटे लागतात आणि वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही. मग ‘डॉक्टरांनी टाळाटाळ केली’ हे वाक्य न पाहता दहा वेळा टंकून पाहा. होम, एंड, पेजअप आणि पेजडाउन यांना स्वतंत्र कळा आहेत की एफएन दाबून त्या मिळवाव्या लागतात, तेही पाहा. चारशे पानांच्या स्कॅनमध्ये फिरताना याचा फरक पडतो.

उत्तर : हिशेबनीस_बडोदे

सगळ्यांच्या उत्साहावर विरजण घालण्याची इच्छा नाही, परंतु मी भाच्याच्या बाजूचा आहे. माझा व्यवसाय करसल्ल्याचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने हलका लॅपटॉप घेतला आणि वर्षाच्या आत कार्यालयात पुन्हा डेस्कटॉप मांडला.

कारण वेगाचे नव्हते, जोडण्यांचे होते. यंत्राला टाइप-सीची दोनच छिद्रे होती, त्यातले एक चार्जरने अडवलेले असे. डिजिटल सहीचे टोकन, प्रिंटर, पक्षकाराचा पेनड्राइव्ह आणि मॉनिटर या चौघांसाठी मी एक हब, म्हणजे एका छिद्रातून अनेक जोडण्या देणारी डबी घेतली. त्या डबीतून मॉनिटर जोडला की चित्र थरथरत असे, टोकन मध्येच ओळख विसरत असे आणि विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हे नखरे सहन करणे अशक्य झाले. शिवाय दिसायला सारखी असलेली टाइप-सीची सगळी छिद्रे सारख्या कामाची नसतात. काही फक्त माहितीची ने-आण करतात, काही चार्जिंगही करतात, आणि मॉनिटरला चित्र पाठवणे काहींनाच जमते. छिद्राशेजारी चिन्ह नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशील वाचल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. २०२४च्या जूनपासून विंडोजचे हलके लॅपटॉप स्नॅपड्रॅगन एक्स जातीच्या प्रोसेसरसह मिळू लागले आहेत. बॅटरी उत्तम टिकते आणि यंत्र गार राहते, त्यामुळे विक्रेते हौसेने तेच पुढे करतात. हे प्रोसेसर इंटेल-एएमडीहून वेगळ्या, आर्म नावाच्या रचनेचे असतात. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम त्यांच्यावर अनुवादित होऊन चालतात, पण उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण संगणकाशी जुळवून देणारे छोटे प्रोग्रॅम, तसे चालत नाहीत. ते आर्मसाठी वेगळे लिहिलेलेच असावे लागतात. जुना स्कॅनर, जुना प्रिंटर, सहीचे टोकन किंवा मराठी छपाईच्या जुन्या प्रणालीचे डोंगल (परवान्यासाठी यूएसबीत लावायचा तुकडा) यांपैकी एकाचाही असा ड्रायव्हर नसेल, तर तिथेच घोडे अडते. तुमचे सगळे काम स्कॅन केलेल्या कागदांचे आहे. स्कॅनर किती जुना आहे?

उत्तर : रावपुरा_भाषांतर

स्कॅनर २०१३चा आहे आणि तो मला बदलायचा नाही. पुरात तो माळ्यावर असल्यामुळे वाचला, त्याच्याविषयी थोडा कृतज्ञतेचा भाव आहे. हा मुद्दा माझ्या स्वप्नातही आला नसता. टोकन मी वापरत नाही.

उत्तर : सयाजीगंज_दुरुस्ती

मी लॅपटॉप दुरुस्त करतो, म्हणून मोडलेली बाजू सांगतो.

हिशेबनीस साहेबांचे म्हणणे हबपुरते बरोबर आहे, पण ताईंना चार उपकरणे एकदम जोडायची नाहीत. मॉनिटरच जर टाइप-सीचा घेतला, तर तीच एक वायर लॅपटॉपला वीज देते आणि चित्रही नेते, आणि स्कॅनर बहुधा मॉनिटरच्या मागे जोडता येतो. फक्त मॉनिटर किती वॅट देतो, ते पाहावे; हलक्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा ४५ ते ६५ वॅटचा असतो, तेवढे तरी मिळाले पाहिजेत.

सहा-सात वर्षे टिकवण्याचा प्रश्न मेमरीपासून सुरू होतो. बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवर झाळलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. जुन्या जाड लॅपटॉपमध्ये चार स्क्रू काढून पट्टी बदलता येत असे, ते दिवस हलक्या यंत्रांपुरते गेले. म्हणून आज आठ जीबी पुरते, असे कोणी सांगितले तरी सोळाच घ्या. दोन-तीन मोठे स्कॅन, ब्राउझरच्या वीस खिडक्या आणि वर्ड एवढ्यात आठ जीबी आत्ताच भरतात. एसएसडी बहुतेक विंडोज यंत्रांत बदलता येते, काहींत तीही झाळलेली असते, घेण्यापूर्वी विचारा. माझ्याकडे येणाऱ्या दुखण्यांत सर्वांत वाईट चहाचे असते. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर चहा सांडला तर पाच-सहाशे रुपयांत नवा येतो. हलक्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड बहुधा वरच्या पत्र्याला रिव्हेटने जोडलेला असतो आणि त्याच्या खालीच मदरबोर्ड आणि बॅटरी असते. घरी वेगळा कीबोर्ड वापरल्यास मानेसह चहाचाही प्रश्न मिटतो.

बडोद्याच्या उन्हाळ्याविषयी. अनेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असे लिहितात आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चाळिशी सहज ओलांडली जाते. पंखा नसलेली यंत्रे आवाज करत नाहीत, पण तापली की स्वतःहून वेग कमी करतात. टंकताना ते जाणवणार नाही; दोनशे पानांचे स्कॅन एकदम अक्षरओळखीला लावले तर जाणवेल, तेव्हा असे काम पहाटे लावावे. त्या उष्णतेत खरी झिजते ती बॅटरी. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत, उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले राहणे. आणि जो लॅपटॉप मुख्य संगणक म्हणून दिवसभर टेबलावर चार्जरला लावलेला असतो, त्याच्या वाट्याला दोन्ही एकदम येतात. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत असते. घरी ती चालू ठेवा, पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्री बंद करा. माझ्याकडे फुगलेली बॅटरी घेऊन येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांना ही सोय आहे हेच ठाऊक नसते. उघड्या गच्चीवर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत लॅपटॉप विसरणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही.

एक शेवटचे. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये साठवण पुष्कळदा आपोआप कूटबद्ध होते आणि तिची ४८ अंकी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. मदरबोर्ड बिघडला किंवा बदलला की यंत्र ती किल्ली मागते. खाते मुलाने उघडलेले, पासवर्ड कोणालाच आठवत नाही, असा प्रकार महिन्यातून एकदा तरी येतो आणि मग माहिती डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही. पहिल्याच दिवशी ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा. आणि पेनड्राइव्हवर प्रत ठेवण्याची तुमची सवय सोडू नका. एकच यंत्र असलेल्या माणसाला ती जास्त लागते.

उत्तर : मुद्रितशोधक

दुरुस्तीवाल्यांनी टाइप-सी मॉनिटर सुचवला, तो चांगला आहे पण महाग पडतो. पैसे वाचवायचे असतील, तर लॅपटॉपला स्वतःचे एचडीएमआय छिद्र असावे आणि साधा मॉनिटर घ्यावा. २४ इंची साध्या रिझोल्यूशनला तेवढे पुरते. दोन वायरी जोडाव्या लागतील, इतकेच.

उत्तर : रावपुरा_भाषांतर

सर्वांचे आभार. शनिवारी खरेदी उरकली, म्हणून काय घडले ते लिहिते.

स्कॅनर रिक्षात घालून सोबत नेला, तेव्हा विक्रेत्याने मला विकायला आलेली समजून दारातच ‘जुना माल घेत नाही’ म्हणून सांगितले. मी मनात धरलेले ९९० ग्रॅमचे यंत्र हातात घेतले, तर खरोखर वहीसारखे वाटले. त्याच्यावर ‘डॉक्टरांनी टाळाटाळ केली’ हे वाक्य दहा वेळा टंकले. आठ वेळा ॉच्या जागी एंटर दाबला जाऊन ओळ तुटली, कारण ती कळ एंटरला चिकटून अर्ध्या रुंदीची होती. दुसरे यंत्र स्नॅपड्रॅगनचे होते, त्याने स्कॅनर ओळखलाच नाही. तिसरे चौदा इंची, १६:१० पडद्याचे, सोळा जीबी मेमरीचे आणि १.२८ किलोचे होते. त्याला टाइप-सीच्या दोन छिद्रांखेरीज एक एचडीएमआय आणि एक जुन्या पद्धतीचे यूएसबी छिद्र आहे. स्कॅनरने त्याच्यावर दोन मिनिटांत पान ओढून घेतले आणि वाक्य दहांपैकी दहा वेळा बरोबर आले. चार्जर हाताच्या मुठीत मावतो. तेच घेतले.

मॉनिटर भाच्याने आपला जुना दिला, उभा फिरणारा, २४ इंची. कीबोर्ड नवा घेतला. किल्ली कागदावर उतरवून धान्याच्या डब्यांशेजारी माळ्यावर ठेवली आहे, कारण जुन्या घरात पुरात वाचलेली जागा माळाच होती! ऐंशी टक्क्यांची मर्यादाही लावली. अजून एक अडचण राहिली आहे: लॅपटॉप मॉनिटरपासून सोडवला की सगळ्या खिडक्यांचा आकार बदलतो आणि पुण्यात पहिली पाच मिनिटे त्या आवरण्यात जातात. त्यावर कोणाकडे उपाय असल्यास जरूर सांगावा.

काल रात्री एका जुन्या, लीगल कागदावरच्या खरेदीखताचे काम काढले. पान उभ्या पडद्यावर मावले आणि खाली साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत एका दृष्टिक्षेपात दिसले. दोन साक्षीदारांपैकी एकाचे नाव वर मजकुरात वेगळ्या आडनावाने आले आहे, हे मला पान सरकवत वाचताना तीन दिवसांत लक्षात आले नव्हते. आज सकाळी वकिलांना फोन केला.